पाच हजारांचा विसार

गेणबाला समोर सगळे आप्पा म्हणत आणि तो पाठमोरा झाला की गेणबा. मी त्याच्या माघारीच लिहितोय, तेव्हा गेणबाच म्हणतो.

मी कासुर्डीजवळच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारातला कारकून. दर गुरुवारी पत्र्याच्या खोलीत बसायचं, जनावर विकलं गेलं की पावती फाडायची, शिक्का मारायचा. एकवीस वर्षं हेच करतोय. एवढ्या वर्षांत खोटं बोलणारी माणसं इतकी पाहिली की त्यांचं आता काही वाटत नाही. राग येतो तो खरं बोलणाऱ्यांचा. गेणबाचा मला अजून राग येतो, आणि तो का येतो हे सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलो.

त्याचा बाप मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ फिरायचा. गेणबानं ते बंद केलं. कासुर्डीला दोन एकर जमीन घेतली, दोन खोल्या बांधल्या आणि तिशीत बाजारात दलाल म्हणून उभा राहिला. दलालाचं काम असं: विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मधे हा. भाव तोंडानं बोलायचा नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल हातांवर टाकतो आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरतो. किती बोटं धरली त्यावरून आकडा कळतो. शेजारी खेटून उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही. आकडा पटला की घेणारा विसार देतो, म्हणजे थोडीशी रक्कम आगाऊ हातावर ठेवतो. तिथून पुढं जनावर त्याचं. मग ते तो आठ दिवसांनी नेवो की सहा महिन्यांनी, मधे भाव दुप्पट होवो की निम्मा. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही.

एकदा एका मेंढपाळानं चाळीस बोकडांचा विसार घेतला आणि ईदच्या आठवड्यात भाव दीडपट झाल्यावर हात वर केले. मधला दलाल गेणबा. त्यानं दुसरीकडून चाळीस बोकड चढ्या भावानं उचलले, ठरल्या भावानं व्यापाऱ्याला दिले आणि मधला फरक स्वतः सोसला. ते फेडायला त्याला दोन वर्षं लागली. त्यानंतर मुंबईचे व्यापारी बाजारात उतरले की आधी विचारायचे, आप्पा कुठायत?

आणखी एक सवय होती त्याला. बकरी ईदच्या आधी मुंबईचे मोठे व्यापारी ट्रक घेऊन येतात. एकेक जण पाचपाचशे जनावरं उचलतो, आणि भाव बघता बघता चढतो. चार बोकड घेऊन आलेल्या गरिबाला ट्रक कधी येणार हे ठाऊक नसतं. बाकीचे दलाल अशा माणसाचा माल आदल्या बाजारात स्वस्तात उचलतात आणि पुढल्या बाजारात ट्रकवाल्याला घालतात. गेणबा त्या माणसाला बाजूला घ्यायचा आणि सांगायचा, "आज इकू नगंस. मोठी गिऱ्हाइकं पुढल्या गुरुवारी येत्यात. घेऊन जा घरी." त्यात त्याची त्या दिवसाची दलाली बुडायची. मी म्हणायचो, आप्पा, तुम्ही येडे आहात. तो हसायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा रविराज. आयटीआय करून रांजणगावच्या एमआयडीसीत लागला, शिरूरला खोली घेऊन राहिला. तिथं त्याला निमोण्याच्या सुरजची संगत लागली, एकाच लाइनीवर दोघं. या पोरांनी दोन हजार सोळा साली ओव्हरटाइमच्या पैशांतून बिटकॉइन घेतले. रविराजनं दोन घेतले, साठ साठ हजारांना. बापाला कळल्यावर बापानं एवढंच विचारलं, "दिसतं का त्ये?" पोरगा म्हणाला, न्हाई. "मग खातंय तरी काय?" पोरगा म्हणाला, काहीच न्हाई. गेणबाला ते आवडलं. चारा नको, पाणी नको, बिबट्याची भीती नको, असलं जनावर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये नगर रोडवर कंटेनरनं रविराजच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. तो जागीच गेला. मागं बायको अंकिता, पाच वर्षांचा स्वराज आणि ते दोन बिटकॉइन. त्यांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. रविराजनं ते कागदावर लिहून, कागद अंकिताच्या डब्यात ठेवून सांगितलं होतं, स्वराज दहावी होईस्तोवर याला हात लावायचा नाही. अंकिता यवतला एका मेडिकलच्या दुकानात कामाला जाऊ लागली. डबा तिच्या कपाटात आणि कपाटाची चावी तिच्या गळ्यात.

रविराज गेला त्या साली बिटकॉइनही पडला. चौतीस लाखांवरून डिसेंबरपर्यंत चौदावर आला. गेणबा दर आठवड्याला सुनेला भाव विचारायचा आणि मला येऊन सांगायचा. त्याच्या डोक्यात एकच हिशेब बसला होता. धनी गेला की कुत्रं अन्न सोडतं, तसंच हेही पोराच्या मागं खंगत चाललंय. एक दिवस मरणार. मी त्याला समजवायला हवं होतं की असं काही नसतं. मी पावत्या फाडत होतो.

दोन हजार तेवीसचा ऑक्टोबर, नवरात्राच्या आदला गुरुवार. पितृपक्षामुळं बाजार ओस पडलेला. अशात निमोण्याचे शंकरराव आले. मोठे बागाईतदार, सोसायटीचे माजी चेअरमन, शिरूरला प्लॉटिंगचा धंदा, आणि आमच्या बाजार समितीवर निवडून यायची इच्छा. सुरज त्यांचा सख्खा पुतण्या. ते गाडीतून उतरले आणि माझ्या खिडकीसमोर गेणबापाशी उभे राहिले. थोडं बोलणं झालं. मग गेणबानं टॉवेल टाकला. मला वाटलं, देवीच्या नवसाचे बोकड घेतायत. पाच मिनिटांत टॉवेल निघाला, शंकररावांनी पाचशेच्या दहा नोटा त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि गाडी निघून गेली.

गेणबा माझ्या खिडकीशी आला. चेहरा उजळलेला. "भाऊसायब, पोराचं जनावर इकलं."

"कुठलं जनावर?"

"त्येच दोन. चोवीस लाखाला एक. आज भाव बावीस हाय. दोन लाख चढ घेतला."

"अंकिताला विचारलंत?"

एकतीस वर्षांत त्यानं बाजारात कुणाचं बोट धरण्याआधी घरातल्या बाईला विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. "घरात सांगतो की," तो म्हणाला. माल गुढीपाडव्याला द्यायचा, तेव्हाच पैसे, कारण शंकररावांचे पैसे प्लॉटात अडकलेले. तोवर नाणी गेणबाच्या घरी. "चारा तर लागत न्हाई," तो म्हणाला आणि एकटाच हसला.

शंकरराव का घेतायत, हे मात्र त्यानं विचारलं नाही. टॉवेलाखाली ते विचारत नाहीत.

मला आता राहून राहून वाटतं की मी तरी विचारायला हवं होतं. महिनाभर पेपरात चौथ्या-पाचव्या पानावर बातम्या येत होत्या. अमेरिकेतले मोठमोठे फंड, ज्यांच्याकडं तिथल्या पेन्शनवाल्यांचे आणि श्रीमंतांचे डोंगराएवढे पैसे असतात, ते बिटकॉइनमध्ये उतरायची परवानगी मागतायत. आतापर्यंत त्यात सुरज-रविराजसारखी पोरं होती, हजार-दोन हजारांची. आता ट्रकवाले येणार होते. माल मोजकाच, आणि घेणारे असे की एका सौद्यात अख्खा तालुका विकत घेतील. मी ती बातमी वाचली, पेपराची घडी घातली आणि त्याच पेपरावर भजी खाल्ली.

सुरजनं मात्र ती काकाला वाचून दाखवली होती. त्याच्या मित्राच्या बापाकडं दोन नाणी पडून आहेत, हेही त्यानंच सांगितलं.

जानेवारीत परवानगी मिळाली. आठवडाभर भाव खालीवर झाला आणि फेब्रुवारीत सुटला. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. एका संध्याकाळी अंकितानं मोबाइल सासऱ्यापुढं धरला आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर हसली. "आप्पा, ह्यांचं खरं झालं बघा. एक पन्नासला गेला."

तेव्हा गेणबानं तिला पाडव्याचं सांगितलं.

त्यानं चार महिने सांगितलं नव्हतं. सांगतो सांगतो म्हणत राहून गेलं, असं तो म्हणतो. मला ते पटत नाही. भिऊन गप्प बसला होता तो.

दुसऱ्या दिवशी तो दहा हजार रुपये घेऊन माझ्याकडं आला. विकणाऱ्याला माघार घ्यायची असेल तर विसाराच्या दुप्पट परत द्यायचे, आणि घेणाऱ्यानं मनानं सोडलं तर सुटका, अशी रीत आहे. "तुमी शिकलेलं हाय. संगट चला," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की या व्यवहाराला कायद्यात काडीची किंमत नाही, नाणी सुनेची आणि नातवाची, तुमचा त्यावर हक्कच नाही, घरी बसा आणि फोन बंद ठेवा. तो म्हणाला, "कायदा कुठं हुता टावेलाखाली? माझीच बोटं हुती." मग गेलो. चौफुल्याहून शिरूरकडची एस.टी. धरली, मधे उतरलो आणि मिळेल त्या गाडीनं निमोणं गाठलं.

शंकररावांनी आम्हाला बाहेर ताटकळत ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाले. ओसरीवर गावातली चार माणसं बसलेली. सुरज दाराला टेकून मोबाइल बघत होता. त्यानं गेणबाकडं एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

गेणबानं दहा हजार टीपॉयवर ठेवले. "आण्णा, जरा अडचण झालीया."

"बोल की."

"भाव लई वर गेला."

"गेला खरा." शंकररावांनी पैशांकडं बघितलंसुद्धा नाही. त्याला तोंडावर गेणबा म्हणणारे ते एकटेच. "गेणबा, एक सांग. त्यो भाव धावर आला असता, तर मी तुझ्या दारात विसार मागाय आलो असतो का?"

गेणबा खाली बघत म्हणाला, "न्हाई."

"आन् आलो असतो तर तू काय म्हणला असतास?"

"म्हणलो असतो, आण्णा, टावेल पडला."

"मग?"

गेणबानं मान वर केली. "आण्णा, तवा तुमास्नी ठावं हुतं का? मोठी गिऱ्हाइकं येणार हायती ह्ये?"

"ठावं नसतं तर घेतलं कशाला असतं?" शंकरराव सहज म्हणाले. आवाजात खोट नव्हती की लाज नव्हती. "तू इचारलं न्हाईस."

ओसरीवरचा एक जण खुदकन हसला. शंकररावांनी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि पुढं झुकून गेणबाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे बघ, माझी जबरदस्ती न्हाई. ह्या चार माणसांम्होरं येकदा म्हण, गेणबानं शबुद फिरवला. एवढंच म्हण. मी दहा हजार खिशात घालतो, नाणी तुझी. पायजे तर पावसाळ्यात पुन्हा धंद्यालाबी बसू संगट."

मी गेणबाला कोपरानं ढोसलं. तीन शब्दांचं काम होतं. तीन शब्दांना पन्नास लाख मिळत होते, अमेरिकेतल्या कुठल्या फंडवाल्यालाही एवढा भाव मिळाला नसेल. गेणबानं तोंड उघडलं, ओठ हलवले. मग टीपॉयवरचे पैसे उचलून बंडीत घातले आणि म्हणाला, "पाडव्याला या, आण्णा."

आम्ही तिथंच जेवलो. मटण होतं. गेणबानं सगळं संपवलं, ताटात काही टाकायचं नाही म्हणून. परतीच्या एस.टी.त मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. त्याला मारावं असं वाटत होतं मला.

आता राहिली अंकिता. कागद तिच्या डब्यात आणि चावी तिच्या गळ्यात. ती नाही म्हणाली. आरडाओरडा न करता, रोज, एका आवाजात नाही. सासूनं, गिताबाईनं, आधी तिचीच बाजू घेतली. "पोरीचं हाय त्ये, तुमचं न्हाई," असं नवऱ्याला सुनावलं. मग गेणबानं बाजारात यायचं सोडलं. तीन गुरुवार तो आला नाही. शब्द पुरा करू शकत नसेन तर तोंड कसं दाखवू, म्हणून तो घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. चौथ्या आठवड्यात गिताबाई फिरली. नवरा मरेल या भीतीनं तिनं सुनेला धारेवर धरलं. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तरी "नाण्यावर बसलेली नागीण" इथवर मजल जायची.

एक दिवस अंकिता माझ्या पत्र्याच्या खोलीत आली. मेडिकलच्या दुकानाचा निळा कोट तसाच अंगात. म्हणाली, "भाऊसाहेब, आप्पा तुमचं ऐकतात. त्यांना सांगा. मला पैशाचा मोह नाही. पण ह्यांनी सांगून ठेवलेली एवढी एकच गोष्ट माझ्याकडं राहिलीय."

मी काय म्हणालो? म्हणालो, "घरातली गोष्ट आहे, मी काय बोलणार." ती उठली, खुर्ची जागेवर सरकवली आणि गेली. ती खुर्ची तिनं नीट सरकवली याचीसुद्धा मला लाज वाटते.

पाडव्याच्या दोन दिवस आधी गेणबानं जे केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात नीच काम. हे मला त्यानंच सांगितलं, लपवलं नाही. उन्हाचा ओट्यावर स्वराजला मांडीवर घेऊन बसला आणि सुनेला म्हणाला, "कागद दे, न्हाईतर तुझी पिशवी भर आन् माहेरी जा. पोरगं हितंच ऱ्हाईल. त्ये माझ्या घरचं हाय."

तिनं गळ्यातली चावी काढली. एकतीस वर्षं कुणा परक्याला एक पैशाला न फसवणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरातल्या विधवेला असं लुबाडलं, आणि याला तो इमान म्हणत होता. माझा राग इथला आहे.

पाडव्याला गुढी उभी करून शंकरराव आले. सुरजनं बारा शब्द मोबाइलमध्ये टाकले. अर्ध्या तासात काम झालं. त्या दिवशी एका नाण्याचा भाव साठ लाखांच्या घरात होता. शंकररावांनी ठरलेले अठ्ठेचाळीस लाख बँकेतून अंकिताच्या खात्यात टाकले. एक रुपया कमी नाही, एक दिवस उशीर नाही. गेणबानं दलाली घेतली नाही. निघताना सुरज स्वराजला चॉकलेट द्यायला गेला, तर अंकितानं पोराला आत ओढलं.

आठवड्यानं ती पोराला घेऊन दौंडला खोली करून राहिली. गेणबानं अडवलं नाही. स्वराजच्या दप्तराची पिशवी त्यानं स्वतः रिक्षात ठेवली. पोरानं हात हलवला, सुनेनं मान वळवली. त्यानंतर ती कासुर्डीला आली नाही, फोनही उचलत नाही. गिताबाई दौंडला एकदा जाऊन आली. अंकितानं दारातच पाणी दिलं.

तरी गेणबाला वाटत होतं की सगळं गेलं पण शब्द राहिला, आता बाजारात ताठ मानेनं उभं राहायचं. पाडव्यानंतरच्या गुरुवारी तो आला. धुतलेली बंडी, नवा टॉवेल. आणि शंकररावांनी त्याचा सत्कार ठेवला होता.

समितीची निवडणूक दोन महिन्यांवर होती. मांडव टाकला, माइक लावला. गेणबाला खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. शंकरराव माइकवर म्हणाले, "ह्या माणसानं काय केलं, ऐका. जे आज साठ लाखाला इकलं असतं, त्ये ह्यानं मला चोवीस लाखाला दिलं. का? शबुद दिला हुता. दोन नाण्याचं मिळून सत्तर लाख सोडलं, पर शबुद सोडला न्हाई. असली माणसं ह्या बाजारात हायती, म्हणून मला ह्या बाजाराची सेवा करायची हाय." टाळ्या पडल्या. गेणबा शाल सावरत हसत होता. त्याला वाटलं, हा त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस आहे.

मी खिडकीतून लोकांची तोंडं बघत होतो. टाळ्या वाजवणारे हात थांबले आणि बोटं मोजू लागले. साठातनं चोवीस गेले, किती राहिले? बाजारातली माणसं. त्यांना इमानाचं कौतुक असतं, पण ते सत्कारापुरतं. माल विकायला त्यांना असा माणूस लागतो ज्याला भाव कळतो. टॉवेलाखालचा आकडा माइकवर सांगितला गेला होता आणि त्यातून सगळ्यांना एवढंच कळलं होतं की गेणबाला घरच्या मालाचा भाव कळला नाही.

पुढल्या गुरुवारी त्याच्याकडं दोन मेंढपाळ आले. त्याच्या पुढल्या गुरुवारी एकही नाही. म्हाळसा नावाची एक म्हातारी पंचवीस वर्षं त्याच्याच हातून कोकरं विकायची. तीही दुसऱ्या दलालाकडं वळली आणि त्याला तोंडावर म्हणाली, "आप्पा, तुमी देवमाणूस. पर माझं पोट हाय." पोरसवदा दलाल त्याला बघून ओरडायचे, "आप्पा, आज अमेरिकेत काय भाव फुटला?" मग हशा. एकानं तर मेलेलं कोकरू त्याच्या पायाशी टाकलं आणि म्हणाला, "चोवीसला देता का?" त्या वेळी हसणाऱ्यांत मीही होतो. का हसलो ते सांगता येणार नाही. सगळे हसत होते.

शंकरराव निवडून आले. बकरी ईद जवळ आली आणि मुंबईचे ट्रक उतरले. एका व्यापाऱ्यानं माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, आप्पा कुठायत? मी बोट दाखवलं. गेणबा लिंबाच्या झाडाखाली उभा होता, टॉवेल खांद्यावर, दोन्ही हात मोकळे. व्यापारी त्याच्यापाशी गेला, बोलला आणि परत आला. म्हणाला, "आदमी तो सच्चा है, लेकिन माल किधर है उसके पास?" आणि दुसरीकडं गेला.

आता माझी गोष्ट. मी घरी तीन बोकड पाळले होते. वर्षभर मका घालून वाढवलेले, ईदसाठीच. सकाळपासून ठरवून आलो होतो की गेणबाच्या हातात दोर द्यायचा. त्याला फक्त एका मालाची गरज होती. बाजारानं एकदा बघितलं असतं की कारकुनानं आपले बोकड त्याच्या हवाली केले, तर दहा जणांनी तरी विचार केला असता. हे मला नीट कळत होतं. मी दोर धरून लिंबाकडं निघालो. त्यानं मला येताना बघितलं आणि खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

पंधरा पावलं राहिली असतील, आणि माझ्या मनात आलं, याला आज खरंच भाव कळेल ना? एका बोकडामागं दोन हजार कमी आले तर सहा हजार. मी वाट बदलली. पलीकडच्या पोरसवदा दलालाकडं गेलो, ज्यानं मेलेलं कोकरू टाकलं होतं त्याच्याकडं. भाव चांगला आला. आप्पानं आणला असता त्याहून जास्त की कमी, ते मला कधीच कळणार नाही. मी मान वर केली नाही.

बोकड व्यापाऱ्याच्या ट्रकपर्यंत न्यायचे आणि वर चढवायचे होते. माझी कंबर धरलेली. मी हमालाला हाक मारली. आला तो गेणबा. त्यानं टॉवेलाची चुंबळ करून खांद्यावर ठेवली होती. पासष्टीच्या माणसानं एकेक बोकड दोन्ही हातांनी कवळून उचलला आणि वर दिला. तिसऱ्याला जरा धाप लागली, तेव्हा थांबला, पुन्हा उचलला.

"आप्पा, किती?" मी विचारलं.

"धाला येक. तीस."

मी पाचशेची नोट काढली. म्हटलं, राहू द्या सगळे. त्यानं नोट घेतली, बंडीच्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि चारशे सत्तर रुपये माझ्या हातावर ठेवले. "मोजून घ्या, भाऊसायब," तो म्हणाला, आणि उभा राहिला. मी मोजेपर्यंत तो हलला नाही.